खातेदार समोर बसलेत

थोरल्याचा फोन वाजला तेव्हा धाकटा लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून रुळांना वंगण लावत होता. त्याच्या पिशवीत नेहमी दोन फोन असत. एक त्याचा स्वतःचा, कोपरे उडालेला. दुसरा थोरल्या भावाचा, पायमोज्यात घालून अवजारांच्या तळाशी ठेवलेला. या दुसऱ्या फोनवर जगात एकच माणूस फोन करी, ती म्हणजे आई, आणि तीही दिवस कलल्यावर. आज मात्र भर दुपारीच पायमोजा गुरगुरायला लागला.

आईला काही झालं की काय, या भीतीने त्याने वंगणाच्या हातानेच फोन बाहेर काढला, सवयीने घसा खाकरला आणि थोरल्याच्या आवाजात म्हणाला, "हां, बोल."

"खातेदार बोलताय का?" आवाज अनोळखी बाईचा होता. "मी बँकेच्या तपासणी विभागातून बोलतेय."

राँग नंबर म्हणून फोन ठेवायचा, झालं. तुम्ही-आम्ही तेच केलं असतं. पण मेलेल्या भावाच्या तोंडाने वर्षभर बोलणाऱ्या माणसाची जीभ त्याच्या ताब्यात राहत नाही. "हो, मीच," धाकटा म्हणाला.

बाईंनी जन्मतारीख विचारली, त्याने सांगितली. आईचं माहेरचं आडनाव विचारलं, ते तर दोघा भावांना एकच. मग बाई म्हणाल्या, "तुमच्या खात्यात काल मोठी रक्कम जमा झालीय. वर्षभर या खात्यात काही हालचाल नव्हती, आणि एकदम एवढे पैसे. म्हणून खातं गोठवलंय. पैसे कशाचे, ते तुम्ही स्वतः येऊन सांगायचं. तोवर त्यातला एक पैसा निघणार नाही."

"कुणी भरलेत?"

"ते मी तुम्हाला विचारतेय," बाई म्हणाल्या.

थोरला जहाजावर होता, इंजिनखान्यात. गेल्या वर्षी एका परक्या बंदरात लोखंडी जिन्यावरून घसरला आणि डोक्यावर पडला. सगळं तिकडेच उरकलं. त्याला ना बायको ना पोरंबाळं. धाकट्याच्या हाती एक पेटी आली, तीत कपडे, फोन, ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला. नेमकी त्याच आठवड्यात आईच्या छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टर म्हणाले, हिला आता धक्का सोसायचा नाही. आणि नळ्यांच्या जंजाळात पडल्या पडल्या आईने एकच धोशा लावला होता, थोरल्याचा फोन कसा नाही आला?

दोघा भावांचे आवाज मुळातच सारखे. लहानपणी फोनवर मामासुद्धा फसायचा. धाकटा दवाखान्याच्या जिन्याखाली गेला, थोरल्यासारखा घसा खाकरला, थोरल्यासारखं नाकातून हसला आणि म्हणाला, "काय म्हातारे, माझ्या परवानगीशिवाय ऑपरेशन उरकून घेतलंस?" पलीकडे आई हसली. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

एकदाच करायचं होतं. बरी झाली की सांगून टाकायचं होतं. मग तिच्या डोळ्यांचं दुखणं निघालं, समोरच्या माणसाची नुसती आकृती दिसू लागली. मग गुडघे. सांगायला मुहूर्त काही सापडेना. दर संध्याकाळी काम संपलं की धाकटा कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्रखोलीत शिरे. तिथे मोटरीची घरघर चालू असे. "आज इंजिन फार आवाज करतंय रे," आई म्हणे. "जहाज म्हातारं झालंय, तुझ्यासारखंच," थोरला म्हणे.

हो, थोरलाच म्हणे. कारण धाकटा असलं काही बोलणाऱ्यातला नव्हता. तो दर रविवारी आईकडे जायचा, बल्ब बदलायचा, औषधं भरून ठेवायचा आणि बाकी वेळ तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. "थोरला बघ, समुद्रापलीकडून विचारतो, जेवलीस का. आणि तू शेजारी बसून ढिम्म," आई टोमणा मारायची. तो ऐकून घ्यायचा. आतून मात्र जळायचा, आणि नेमकं कुणावर जळायचं तेही त्याला कळत नसे.

बँकेचा फोन झाला तसा काम टाकून तो आईकडे गेला. या खात्यात पैसे भरणारं दुसरं होतं कोण? आई खुशीत होती. खोलीभर बोचकी बांधलेली, भांडी खोक्यांत गेलेली.

"हे काय चाललंय?"

"बस, सांगते. पण थोरल्याच्या कानावर घालायचं नाही हं. त्याला चकित करायचंय." आई जवळ सरकली. "घर विकलं मी. शेजारच्या दुकानदाराला. पैसे थोरल्याच्या खात्यात भरले."

"अगं पण का?"

"तोच म्हणाला ना. मी म्हटलं, पुरे झाला समुद्र, परत ये. तर म्हणतो, म्हातारे, येऊन खाऊ काय? हातात भांडवल असतं तर उद्या आलो असतो, वर्कशॉप टाकलं असतं. आता आहे भांडवल. आता कसा येत नाही तेच बघते."

धाकट्याला ती संध्याकाळ लख्ख आठवली. आई हट्टाला पेटली होती, कधी येतोस, कधी येतोस. वेळ मारून न्यायला तो तोंडाला येईल ते बोलला होता. भांडवल काय, वर्कशॉप काय. बोलताना वर स्वतःवर खूशही झाला होता.

"घर कधी सोडायचंय?" त्याने विचारलं.

"महिनाअखेर. मग थोरल्याकडे राहीन. तू कशाला तोंड पाडतोस? तुझ्या दोन खोल्यांत मी मावणार होते थोडीच."

म्हणजे आईच्या डोक्यावरचं छप्पर गेलं होतं, आणि त्या छपराचा सगळा पैसा मेलेल्या माणसाच्या बंद खात्यात जाऊन पडला होता.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती पहिल्यापासून या नाटकाच्या विरोधात. आता ही म्हणणार, सांगून टाक, असं धाकट्याला वाटलं, आणि खरं तर तिने तसं म्हणावं अशी त्याची आशा होती. पण ती म्हणाली, "ओळखपत्र आहे ना पेटीत? फोटोतला चेहरा तुझाच दिसतो. वर्षभर तो झालास, आता आणखी तासभर हो. पैसे काढ, आईंच्या नावावर टाक. आणि मग मात्र त्याला मरू दे एकदाचा."

बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच कसंतरी झालं. ती उठून ओट्याशी गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

धाकट्याने पेटी उघडली. थोरल्याच्या निळ्या सदऱ्याला वंगणाचा वास होता, त्याच्या स्वतःच्या कपड्यांना येतो तसाच. सदरा खांद्यात नेमका बसला. ओळखपत्रावरची सही समोर ठेवून त्याने गिरवायला घेतली. आधी ती वाकडीतिकडी आली, मग बरी आली, मग इतकी सहज यायला लागली की त्याने पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुट्या भागांच्या दुकानात पावतीवर स्वतःची सही करायची वेळ आली तेव्हा हात अडला. पहिलं अक्षर कुठून सुरू करायचं तेच आठवेना. दुकानदाराला वाटलं, किंमत पटली नाही.

त्याच दिवशी एका कचेरीच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक गृहस्थ. असल्या वेळी आधी इंटरकॉमवर माणसाला धीर द्यायचा आणि मग यंत्राकडे बघायचं, ही धाकट्याची पद्धत. त्याने बटण दाबलं. "घाबरू नका, मी आलोय," आवाज थोरल्याचा निघाला. धाकटा चपापला. घसा खाकरून तो पुन्हा म्हणाला, "घाबरू नका, पाच मिनिटांत काढतो." हा जरा त्याचा स्वतःचा होता, निदान त्याला तसं वाटलं.

आतून गृहस्थांनी विचारलं, "तिथे तुम्ही दोघं आहात का?"

धाकट्याने बटणावरचं बोट काढलं. मागे वळून बघितलं तर यंत्रखोलीत मोटर, तारा आणि कोपऱ्यात कुणाची तरी जुनी केरसुणी, एवढंच होतं. तरी लिफ्ट खाली उतरवेपर्यंत त्याने पाठ भिंतीला लावून ठेवली.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "उद्या बँकेत जातो." ती त्याच्याकडे बघत राहिली. "माझ्याशी तुझ्या आवाजात बोल," ती म्हणाली. तो म्हणाला, "हाच माझा आवाज." ती उठून ताटं वाढायला गेली.

तपासणी विभागाच्या बाई पोक्त होत्या. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, टेबलावर कागदाचा कपटा नाही. त्यांनी ओळखपत्रावरचा फोटो बघितला, धाकट्याचा चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला. धाकट्याच्या मानेवरून घामाची धार सदऱ्यात उतरली.

"बारीक झालात," बाई म्हणाल्या.

"जहाजावरचं जेवण," धाकट्यातून थोरला म्हणाला, आणि नाकातून हसला. बाईंनाही किंचित हसू आलं. थोरल्याला माणसं पटकन वश व्हायची, जिवंत होता तेव्हाही.

शेजारच्या दुकानदाराकडून मागून आणलेली घरविक्रीच्या कागदाची प्रत त्याने पुढे केली. बाईंनी ती निवांत वाचली. "ठीक आहे. एकदा पैसे भरणाऱ्यांशी बोलून घेते, नियम आहे," म्हणत त्यांनी टेबलावरच्या फोनचे आकडे दाबलेसुद्धा. धाकट्याला नको म्हणायला सवडच मिळाली नाही. घंटी टेबलाच्या दोन्ही बाजूंना ऐकू येत होती, बाईंनी स्पीकर चालू ठेवला होता.

"हो बाई, मीच भरलेत," आई म्हणाली. "माझ्या मुलाचंच खातं आहे. काही चुकलं का?"

"काही नाही आजी. खातेदार समोर बसलेत, म्हणून खात्री करून घेत होते."

"समोर बसलेत म्हणजे?"

"म्हणजे इथे, माझ्यासमोर."

"अहो, तो जहाजावर असतो."

"आलेत ते आजी. मी बघतेय ना डोळ्यांनी." बाईंचा आवाज मऊ झाला होता. त्यांनी फोन धाकट्याकडे सरकवला. "बोला. आई आहेत."

धाकट्याला बोलायचं नव्हतं. पण घसा आपोआप खाकरला गेला आणि तोंडातून शब्द निघाला, "म्हातारे."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग आई हसत होती की रडत होती, सांगणं कठीण. "आलास? खरंच आलास? न सांगता? काही खाऊ नकोस बाहेर. मी दारात बसते. तू आधी ये." आणि फोन बंद झाला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग एक कागद पुढे केला. "इथे सही करा. खातं आत्ता मोकळं करते."

पेन हातात होतं. एक सही, की आईचं छप्पर परत. पुढचं बायकोने आखून दिलंच होतं, मग त्याला मरू द्यायचं. पण आता मरू कसा देणार? समुद्रावरचा माणूस लांब कुठेतरी मरू शकतो. हा तर गावात येऊन पोचला होता, आणि आई त्याच्यासाठी दारात जाऊन बसली होती. खरी भीती मात्र वेगळीच होती. आई 'आलास' म्हणाली त्या क्षणी धाकट्याला वाटलं, होय, आलो. खुर्चीत थोरलाच बसला होता, सुखरूप, आणि धाकटा म्हणून कुणी जगात कुठेच नव्हता.

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, मी तो नाही."

"काय?"

"थोरला गेला. वर्ष होऊन गेलं. मी धाकटा भाऊ." आवाज फाटका निघाला, पण त्याचा स्वतःचा.

बाईंनी दारातल्या रखवालदाराकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं. "मी त्यांना आत्ता सांगितलं, समोर बसलेत म्हणून," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी बघतेय म्हणाले. माझ्या तोंडून वदवून घेतलंत."

"पोलिसांना बोलवा हवं तर."

"बोलवायलाच हवं." पण त्यांनी बोलावलं नाही. ओळखपत्र खणात टाकलं आणि खण बंद केला. "मृत्यूचा दाखला आहे?"

"आहे घरी."

"मग तो आणायचा होता ना, भावाचं सोंग घेऊन यायच्या ऐवजी. बायको-मुलं नसतील तर वारस आईच. वेळ लागेल, चार खेटे पडतील, पण त्यांचे पैसे त्यांना मिळतील." एवढं साधं होतं ते. खरं बोललं की सुटणारं. धाकटा उठला तसं बाई म्हणाल्या, "आधी आईंकडे जा. त्या दारात बसल्यात."

आई खरंच दारात बसली होती. उंबऱ्यापाशी स्टूल टाकून, केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून, कान रस्त्याकडे लावून. धाकटा फाटकाशी पोचतो न पोचतो तोच तिचा चेहरा उतरला.

"तू का आलास? थोरला कुठाय?" ती म्हणाली. डोळ्यांनी दिसत नसलं तरी पाय घासत चालणारा मुलगा कुठला, हे तिला कळत होतं.

तो खाली पायरीवर बसला आणि त्याने सांगितलं. बंदर, जिना, पेटी, दवाखान्याच्या जिन्याखालचा तो पहिला फोन. ओल्या लाकडात रुतलेले खिळे उपसावेत तसा एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. सांगताना तो तिच्या छातीकडे बघत होता, आता हात तिकडे जाईल, आता जाईल. हात गुडघ्यावरून हलला नाही.

"दवाखान्यातला तो फोन?" तिने विचारलं.

"मी."

"काठी घे, लाजू नकोस, म्हणाला तो?"

"मीच."

"स्वप्नात बाबा आले होते म्हणाला, अंगणात सायकल पुसत होते म्हणाला?"

"तोही मीच. ते स्वप्न मात्र मला खरंच पडलं होतं."

दाणे निवडावेत तशी ती वर्षभरातलं एकेक बोलणं उचलून विचारत होती, आणि प्रत्येक वेळी ते बाजूला पडत होतं. शेवटी तिच्या हाती काही उरेना तशी ती थांबली. "म्हणजे मी त्याच्यासाठी रडलेच नाही अजून," ती म्हणाली. "मग त्याचा स्वतःचा शेवटचा फोन कुठला?"

"तुला दवाखान्यात नेलं त्याच्या आधीचा. नंतरचे सगळे माझे."

आईने डोळे मिटले. "तो परत येतो म्हणत होता तेव्हाचा," ती म्हणाली. "म्हातारे, इथे काही धड नाही, जीव घाबरतो, नोकरी टाकून येतो म्हणाला. मी म्हटलं, खबरदार. माझ्या ऑपरेशनचे पैसे कोण भरणार? नोकरी सोडलीस तर तोंड दाखवू नकोस म्हटलं आणि फोन आपटला."

हे धाकट्याला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

"बरी झाल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी बोलले ते मनावर घेऊ नकोस, माझं चुकलं. तर तो हसला. म्हणाला, म्हातारे, ते मी कधीच विसरलो. घर विकलं ते त्याच भरवशावर. वाटलं, राग नाहीय ना, मग येईल." ती थांबली. "तो फोन कुणाचा?"

धाकट्याला तो फोन आठवला. आई कसली तरी माफी मागत होती. कसली, ते विचारलं तर बिंग फुटणार, म्हणून तो नुसता हसला होता आणि विसरलो म्हणाला होता. अर्ध्या मिनिटाचं काम.

"माझा," तो म्हणाला.

रस्त्यावरून माणसं जात होती, आईचा कान अजून तिकडेच होता.

"ती माफी तू द्यायची नव्हती रे," ती म्हणाली.

"नव्हती," धाकटा म्हणाला.

तिला आत न्यायला त्याने हात पुढे केला. तिने तो चाचपून धरला, दाबला आणि सोडून दिला. "तू जा आत," ती म्हणाली. "मी बसते थोडा वेळ. तो येतोय म्हणून बसले होते, एकदम उठवत नाही."